घरची कॉफी, विकायची कॉफी

आमच्या डोंगरावर प्रत्येक घरात दोन प्रकारची कॉफी असते, विकायची आणि घरची. तोडलेली फळं पाण्यात टाकली की जी जड होऊन तळाशी बसतात ती विकायची. जी वर तरंगतात ती पोचट, म्हणून घरची. पोचट दाणे लोखंडी कढईत साखर टाकून कोळशासारखे काळे होईपर्यंत भाजायचे, उखळात कुटायचे आणि कापडी गाळण्यातून गाळून प्यायचे. याच कॉफीवर आम्ही लहानाचे मोठे झालो, लग्नं केली, माणसं पोचवली. विकायच्या पोत्याला हात लावणारा माणूस आमच्याकडे देवळातल्या पेटीत हात घालणाऱ्याच्या रांगेत बसतो.

बेनिल्दा हे तिच्या सासूकडून शिकली. ती आमच्या पालोमास वाडीत लग्न होऊन आली तेव्हा कोवळी पोर होती. पहिल्याच आठवड्यात तिने हाताला लागलं त्या पोत्यातून मूठभर दाणे काढून कढईत टाकले. सासूने तिच्या हातावर लाकडी पळी मारली आणि म्हणाली, "ते गावाला जायचं आहे. तू काय गाव आहेस?" बेनिल्दा हे हसत हसत सांगायची. पण त्यानंतर तिने त्या पोत्याकडे प्यायच्या नजरेने कधी पाहिलं नाही, हेही तितकंच खरं.

मी तिच्या मुलीची धर्ममाता. त्यामुळे आम्ही एकमेकींना 'कोमाय' म्हणतो, आणि आमच्याकडे हे नातं सख्ख्या बहिणीहून पातळ नसतं. माझं घर तिच्या घराच्या खालच्या वळणावर आहे. माझ्या खिडकीतून तिच्या घराखालचे खण दिसतात. जुन्या घरांना असतात तसे, जमिनीलगत रुळांवर सरकणारे हे मोठे लाकडी खण. ऊन असलं की बाहेर ओढायचे, त्यात कॉफी वाळत पडते. ढग आला की धावत जाऊन घराच्या पोटात ढकलायचे. बेनिल्दाला ढग येण्याआधी कळायचं. आकाश निळंशार असताना ती खण आत ढकलायला लागली की मी माझे दोरीवरचे कपडे काढायला घ्यायचे.

तोडणीच्या बाबतीत ती हट्टी होती. बाकीचे लोक फांदी मुठीत धरून वरून खाली ओरबाडतात, गाईचं दूध काढावं तसं. हिरवं, पिवळं, लाल, सगळं टोपलीत. बेनिल्दा फक्त लाल फळ तोडायची. ते पिकलं नसेल तर ते झाड सोडून पुढे जायची आणि काही दिवसांनी परत त्याच झाडाशी यायची. तिचा धाकटा दीर तेयो, ज्याने कधी लग्न केलं नाही आणि जो परसाच्या टोकाला एका खोलीत राहून आयुष्यभर तिच्या हातचं जेवला, तो चिडवायचा.

"वहिनी, त्या फळाला विचारून तोडतेस की काय? 'येतोस का बाबा, की उद्या येऊ?'"

"तुला विचारलं असतं तर तू 'उद्या' म्हणाला असतास. फळं तुझ्यापेक्षा कामसू आहेत."

पण एवढं करून ती कॉफी जायची कुठे, तर हायूया गावातल्या गिरणीत. तिथे सगळ्या डोंगराची कॉफी एकाच ढिगात पडते. बेनिल्दाची लाल आणि इतरांची ओरबाडलेली हिरवी, सगळी एकत्र. इसाबेलो, तिचा नवरा, जिवंत असताना तिने एकदा काट्यावरच्या माणसाला सांगून पाहिलं होतं की आमचं पोतं जरा बाजूला ठेव. तो बाईमाणसाला मानाने म्हणतात ते 'दोन्या' लावून म्हणाला, "कॉफी ती कॉफी, दोन्या. बाजूला ठेवून तिचा बाप्तिस्मा करू का?" रांगेतले सगळे हसले. इसाबेलोसुद्धा हसला. घरी येताना खालच्या वळणावर, माझ्या दारात गाडीतून उतरून मला म्हणाली, "कोमाय, माझी कॉफी कुणाची आहे हे कुणाला तरी कळलं पाहिजे. मेल्यानंतर नको. आत्ता."

तेव्हापासून तिला एवढीच एक गोष्ट हवी होती. आपली कॉफी आपल्या नावाने डोंगर उतरावी.

इसाबेलो गेला, आणि मग मारिया वादळ आलं. त्याबद्दल फार लिहीत नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. सकाळी दार उघडलं तर डोंगरावर एक पान नव्हतं. हिरवा डोंगर भाजल्यासारखा तपकिरी पडला होता. सावलीची मोठी झाडं आडवी, त्यांच्याखाली कॉफी आडवी. वीज गेली ती कित्येक महिने आली नाही. पोरंबाळं विमानाने निघून गेली. बेनिल्दाची मुलगी, माझी धर्मकन्या, ऑर्लँडोहून फोनवर रडून सांगायची, "आई, तिथे आता काय आहे? इकडे ये."

"माझे खण आहेत," बेनिल्दा म्हणायची.

"रिकामे खण!"

"मग भरायला नकोत?"

ओढ्याकडच्या घळीत एक प्रचंड झाड पडलं होतं, आणि त्याच्या आडोशाला सासूच्या काळची काही जुनी कॉफीची झाडं उभी राहिली होती. उंच, विरळ, फळ कमी देणारी जात. लोकांनी कधीच उपटून नवी लावली होती, या घळीपर्यंत कुणी पोचायचं नाही म्हणून ही राहिली. बेनिल्दाने त्यांच्यावरची फळं वेचली. मदतीच्या सामानात दूधपावडरचे डबे यायचे. ते रिकामे झाले की ती वाडीभर फिरून गोळा करायची, बुडाला खिळ्याने भोकं पाडायची, माती भरायची आणि त्यात बी पुरायची. दोन-अडीच महिन्यांनी रोप वर येतं ते डोक्यावर दाणा घेऊन, टोप घातलेल्या शिपायासारखं. मग तो दाणा फुटून दोन गोल पानं उघडतात, फुलपाखरासारखी. तिच्या अंगणात डब्यांच्या रांगाच रांगा लागल्या होत्या. आम्ही दोघी गुडघे दुखेपर्यंत पाणी घालायचो.

तेयो म्हणायचा, "वहिनी, ही फळायला लागतील तेव्हा तू सत्तरी ओलांडलेली असशील."

"मग काय, सत्तरीनंतर हात गळून पडतात? तुझे तर पंचविशीतच गळले होते."

रोपं तिने डब्यांतून काढून घळीकडच्या उतारावर लावली, आणि झाडं वाढली. नंतर फिओना वादळ आलं आणि निम्मी फळं ओढ्यात वाहून गेली, पण झाडं उभी राहिली. त्याच्या पुढच्या हंगामात ती पहिल्यांदा भरभरून लगडली. लाल फळांनी फांद्या वाकल्या होत्या. तोडणी, धुणं, वाळवणं, सगळं तिने आपल्या पद्धतीने केलं. मग एका रविवारी, चर्चमधल्या मिस्सानंतर, हायूयाच्या बाजारात तिने रुमालात बांधलेले मूठभर वाळलेले दाणे इवेलिस नावाच्या बाईच्या नाकासमोर धरले.

इवेलिस सान हुआनची, आमच्या बेटाच्या राजधानीची. तिचं तिथे कॉफीचं दुकान होतं. ती छोट्या शेतांची कॉफी विकत घ्यायची आणि ज्याची त्याची, त्याच्या त्याच्या नावाने विकायची. बाजारात ती दुसऱ्या कुणाशी बोलत होती. बेनिल्दाने वाट पाहिली नाही.

"बाई, मी बेनिल्दा. हे घ्या, वास घ्या."

इवेलिसने एक दाणा सोलला, दाताखाली धरून तोडला आणि त्याचा वास घेतला. मग म्हणाली, "मी येते तुमच्याकडे. पण एक सांगते, दोन्या बेनिल्दा. चव घेतल्याशिवाय मी कुणाचं नाव लावत नाही. चव आवडली तर तुमची सगळी कॉफी तुमच्या नावाने जाईल. नाही आवडली तर नाही. वाईट वाटून घेऊ नका."

"वाईट कशाला वाटेल," बेनिल्दा म्हणाली. परत येताना तिने वाटेत माझा हात इतका घट्ट धरला होता की माझी अंगठी बोटात रुतली.

आता जे झालं त्यात मीही होते, म्हणून सगळं बेनिल्दावर टाकत नाही. इवेलिस यायच्या दिवशी आम्ही दोघींनी घर झाडलं. विणलेला पांढरा टेबलक्लॉथ काढला, सोनेरी काठाचे कप काढले. बशीत घरचं पांढरं चीज आणि पेरूच्या घट्ट वडीचे काप मांडले. बेनिल्दाने नवं कापडी गाळणं उकळून घेतलं. कॉफी मात्र तिने ओट्यावरच्या डब्यातली घेतली, रोजची. मी शेजारी उभी होते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पाहुणा घरात आला की घरची कॉफी देतात. माझ्याही घरी तेच केलं असतं. विकायचं पोतं बाहेरच्या खोलीत, धुतलेल्या चादरीवर, नवरीसारखं सजवून उभं केलं होतं.

इवेलिस आली, बसली, वडीचा एक काप खाल्ला. बेनिल्दाने कप पुढे केला. इवेलिसने आधी वास घेतला. मग कप तोंडाशी नेऊन, चव पारखणारे करतात म्हणे तसा, असा काही फुर्रकन आवाज केला की माझ्या अंगावर काटा आला. नन्सच्या शाळेत त्या आवाजासाठी आम्हाला ओल्या फरशीवर गुडघे टेकायला लावलं असतं. तिने परत एकदा तसंच केलं. आणि कप हळूच बशीत ठेवला.

दारात टेकलेला तेयो वाकून कपात बघू लागला.

"दोन्या बेनिल्दा," इवेलिस म्हणाली, "मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. हिला जळका वास आहे. आणि जळक्याच्या आत... आत काही नाही. रिकामी आहे. तो दाणा मला इतका चांगला वाटला होता. मला समजत नाही कसं झालं. माफ करा."

बेनिल्दाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मी तिच्या नवऱ्याच्या मातीनंतर पहिल्यांदा पाहिला. इवेलिसने पिशवी उचलली, उभी राहिली, जाता जाता बाहेरच्या खोलीत पाऊल टाकलं. तेवढ्यात बेनिल्दाला वाचा फुटली.

"अहो, पण पोतं तर तुम्ही उघडलंच नाही!"

"कसलं पोतं?"

"हे. विकायचं."

"मग मी आत्ता प्यायले ते काय होतं?"

"ते घरचं."

"घरचं म्हणजे?"

उत्तर तेयोने दिलं. "पोचट, बाई. पाण्यावर तरंगतं ते."

इवेलिस पोत्याकडे पाहत राहिली, मग बेनिल्दाकडे. "तुम्ही मला, कॉफी विकत घ्यायला आलेल्या बाईला, पोचट पाजलंत?"

"मग काय पाजणार?" बेनिल्दा आता चांगलीच तापली होती. "तुम्ही माझ्या घरी आलात, घरचं दिलं. विकायचं कोण पितं? विकायचं बघायचं, हातात घ्यायचं, वास घ्यायचा. ते प्यायचं कशाला?"

"बरोबर आहे," तेयो म्हणाला. "सुतार शवपेटी विकतो. तो काय आधी आत निजून बघतो?"

इवेलिस मटकन पोत्याशेजारच्या स्टुलावर बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिने डोळे पुसले. "तुमच्यापैकी कुणी ही प्यायलंय? ही, या पोत्यातली?"

आम्ही तिघं एकमेकांकडे पाहू लागलो. माझ्या स्वतःच्या झाडांची कॉफी मीही कधी प्यायले नव्हते, हे त्या क्षणी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

"चला," इवेलिस म्हणाली. "उघडा."

बेनिल्दाने पोत्याची गाठ सोडली, आणि मला दिसलं की तिचा हात अडखळला. सासूची पळी आठवली असणार. तिने ओंजळभर दाणे उखळात टाकले आणि टरफल सुटेपर्यंत हलक्या हाताने कांडले. मी भोपळ्याच्या वाळलेल्या कवचाच्या पसरट तबकात ते पाखडले. इवेलिसने गाडीतून दाणे भाजायचं एक छोटंसं फिरतं पिंप आणलं, गॅसवर ठेवलं. दाणे त्यात खुळखुळायला लागले. हिरव्याचे पिवळे झाले, पिवळ्याचे दालचिनीच्या रंगाचे. मग तडतड आवाज आला, लाह्या फुटाव्यात तसा. इवेलिसने जरा वेळाने गॅस बंद केला.

"अहो, कच्ची आहे अजून!" बेनिल्दा ओरडली.

"झाली."

"ही? हिला तर उन्हात बसल्याएवढाही रंग आला नाही! साखर कुठाय?"

"साखर नाही."

"तेयो, ऐकलंस? साखर नाही. बाईंना उपास आहे."

"खरं तर ही एक दिवस मुरायला हवी," इवेलिस म्हणाली, "पण आज तुम्हाला उद्यापर्यंत थांबवलं तर तुम्ही मला पोत्यात भराल." तिने भरड दळली, सोनेरी काठाच्या कपांत टाकली, वरून उकळतं पाणी ओतलं. गाळणं नाही, काही नाही. वर साय धरली तसा थर आला. तिने चमच्याने तो थर मोडला आणि नाक कपात खुपसलं. तो वास मला टेबलाच्या पलीकडे आला. वसंतात झाडं फुलतात तेव्हा सकाळी डोंगरावर जो पांढऱ्या फुलांचा वास सुटतो, त्याच्या जवळपासचा. पण उकळत्या पाण्यात तो कसा असेल, मला कळेना.

इवेलिसने चमचाभर घेऊन फुर्रकन ओढली. डोळे मिटले. मग काही न बोलता दुसरा कप बेनिल्दापुढे सरकवला.

बेनिल्दाने आवाज न करता एक घोट घेतला, आम्ही पितो तसा. ताबडतोब कप खाली ठेवला.

"ही माझी नाही," ती म्हणाली.

"तुमचीच आहे."

"कडू नाही. धूर नाही. संत्र्याच्या सालीसारखी काहीतरी... आणि गोड कशी? तुम्ही साखर घातलीत."

"माझ्याकडे साखर नाही. तुम्हीच बघितलंत."

तिने परत कप उचलला. या वेळी सावकाश प्यायली, मध्ये थांबून, माणसाचा आवाज ओळखायचा प्रयत्न करावा तशी. खिडकीतून घळीकडची झाडं दिसत होती, तिकडे पाहत होती. कप रिकामा झाला तेव्हा ती म्हणाली, "सासूबाई हिची चव न घेताच गेल्या. बी त्यांच्याच झाडांचं. आणि मला पळी मारली."

मलाही एक कप मिळाला होता; तेयोने हळूच त्यातली घोटभर प्यायली. त्याने तोंड वाकडं केलं. मग परत प्यायली. बोलला काही नाही, आणि तेयोने गप्प बसणं म्हणजे आमच्याकडे मोठीच दाद.

इवेलिस उठली. तिने बेनिल्दाचे दोन्ही हात हातात घेतले. "दोन्या, मला सगळी हवी. एकही दाणा गिरणीत जाऊ देऊ नका. तुमच्या नावाने जाईल. मी वचन देते."

ज्या वाक्यासाठी ती इतकी वर्षं थांबली होती ते वाक्य कुणीतरी तिच्या स्वयंपाकघरात उभं राहून म्हणालं होतं. मला वाटलं ती आता रडेल. ती म्हणाली, "सगळी नाही."

"म्हणजे?"

"एक खण राहील. इथे."

इवेलिस गोंधळली. "दोन्या, माल आधीच थोडा आहे. तुमचं नाव लावून दुकानात ठेवायची तर काही महिने तरी पुरायला हवी. त्यातून एक खण काढलात तर मला हे जमेल असं नाही सांगत येत."

मी टेबलाखालून कोमायच्या पायावर पाय दिला. तेयो म्हणाला, "वहिनी, वेडी आहेस का? एका खणासाठी..."

"तू थांब." तिने हात सोडवून घेतले, पण आवाज शांत होता. "बाई, नाव माझं लावणार ना? मग उद्या बाजारात कुणी मला अडवून विचारलं, 'बेनिल्दा, तुझी कॉफी कशी लागते गं?' तर मी काय सांगू? 'गावाला विचारा'? पन्नास वर्षं तेच सांगितलं. ज्या कॉफीवर माझं नाव आहे ती माझ्या घरात नसेल, तर ते नाव तुम्ही दुसऱ्याच कुणाचं लावताय."

इवेलिसने खिडकीतून खाली, उन्हात पसरलेल्या खणांकडे पाहिलं. बोटांनी टेबलावर काहीतरी हिशेब केला. मग ओठ दाबून मान हलवली. "पाकिटं लहान करते," ती म्हणाली. "खण राहू दे."

"शेवटचा, घळीकडचा," बेनिल्दा लगेच म्हणाली. "तो सगळ्यात चांगला वाळतो."

"चांगलाच ठेवून घेणार, ते मला माहीतच होतं," इवेलिस म्हणाली, आणि दोघी हसल्या.

"आणि आता पोचट कोण पिणार?" तेयोने विचारलं.

"तू."

पोती न्यायला गाडी यायची ठरली त्या सकाळी प्रश्न उरला तो नावाचा. शेताला कधी नावच नव्हतं. 'वरची बेनिल्दा' एवढंच लोक म्हणायचे. तेयो काळ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन पोत्यापुढे उकिडवा बसला होता. त्याचं म्हणणं होतं की घराण्याचं आडनाव टाकावं, किंवा इसाबेलोचं नाव, दिवंगताला मान म्हणून.

"इसाबेलोची झाडं मारियाने नेली," ती म्हणाली. "देव त्याला शांती देवो, पण ही मी लावली. दुधाच्या डब्यात. माझं नाव लिही."

"नुसतं बेनिल्दा?"

"नुसतं बेनिल्दा."

तेयोने ब्रश रंगात बुडवला, पोत्याच्या रुंदीकडे बघितलं, आणि नाक मुरडलं. "एवढ्या मोठ्या पोत्यावर एवढंसं नाव? चांगलं दिसणार नाही, वहिनी."

"मग अक्षरं मोठी काढ," बेनिल्दा म्हणाली, आणि तो लिहू लागल्यावर मागे उभी राहून, एकेक अक्षर वाळेपर्यंत, बघत राहिली.